असिलबेकच्या डोळ्यांखाली

"हा माझा माणूस नव्हे," म्हातारी म्हणाली आणि तिने फोटो काउंटरवर पालथा घातला.

अनारकुलला वाटलं, पाकिटांची अदलाबदल झाली असेल. वर्षाकाठी एखाद्या वेळी असं व्हायचंच. कुणाची नवरी कुणाच्या घरी जायची, मग हसणं व्हायचं, फोटोच्या दुकानाचा मालक तिलेक माफी मागायचा. तिने फोटो सुलटा केला. मागे तिच्याच अक्षरात नाव होतं, असिलबेक. आणि पुढे तोच माणूस होता, ज्याचा फोटो तिने परवा दुपारी कबरीच्या दगडावर कोरण्यासाठी मोठा करून दिला होता: रुंद कपाळ, पांढरी पडलेली मिशी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. "बुरुल आपा, हेच ना तुमचे? नाव बघा की."

"नाव त्याचंच आहे. चेहरा धुऊन टाकलाय कुणीतरी." म्हातारीने बोट फोटोतल्या डोळ्यांखाली नेलं, पण टेकवलं नाही. "इथे सूज होती. दोन्हीकडे. ती कुठे गेली?"

मागे संगणकापाशी बसलेला तिलेक हसायला लागला. "आपा, लोक हातापाया पडून ती काढून घेतात आमच्याकडून. आमच्या या ताईंनी, अनारकुल एजेंनी, अख्ख्या बिश्केकच्या डोळ्यांखाली इस्त्री फिरवलीय. तुमच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांनी तरुण केला, आणि वर तुम्हीच भांडताय?"

"तरुण माणूस घेऊन मी काय करू?" म्हातारी म्हणाली. "त्याच्या शेजारची जागा माझी आहे, बाळा. तिथे जाऊन परक्या माणसाशेजारी झोपू होय?"

तिलेकचं हसू ओसरलं. अनारकुल म्हणाली, "बसा आपा, दोन मिनिटांचं काम आहे. मूळ फोटो काढते आणि सूज होती तशी ठेवते." म्हातारी बसली. दगड कोरणारा पुढच्या गुरुवारी काम सुरू करणार होता आणि त्यानंतरच्या रविवारी तो जाऊन वर्ष झाल्याचं जेवण होतं. जेवणासाठी कापायचा घोडा ठरला होता, पार डोंगरातल्या नारीनपासून सगळे नातेवाईक येणार होते, दगड त्याआधी उभा राहायला हवा होता. हे सगळं ती सांगत राहिली आणि अनारकुल शोधत राहिली. दोन मिनिटांची वीस झाली. मूळ फोटो नव्हता. सहा वर्षांपूर्वी असिलबेक वाहन परवान्यासाठी याच दुकानात येऊन याच स्टुलावर बसला होता. अनारकुलने फोटो पडद्यावर घेतला होता आणि कुणी न सांगता, सवयीने, डोळ्यांखाली चार फटकारे मारून तो तसाच जपून ठेवला होता. आधीचा चेहरा नव्या चेहऱ्याखाली गेला होता. परवाना माणूस गेल्यावर कचेरीत जमा झाला होता, पण तोही इथलाच, म्हणजे इस्त्री केलेलाच. "घरी दुसरा एखादा?" तिने विचारलं. "लग्नातला आहे," बुरुल म्हणाली. "तेव्हा नव्हती सूज. नंतर त्याला फोटोचा कंटाळा. म्हणायचा, आरशात दिसतो तेवढा पुरे." मग ती उठली आणि डोक्यावरचा पांढरा रुमाल नीट करत म्हणाली, "तू काढलीस ना? मग काय काढलंस ते तुला ठाऊक असणार. परत बसव."

काय काढलं ते ठाऊक असणार. दार बंद झालं तरी हे वाक्य दुकानात राहिलं. एकतीस वर्षं अनारकुल चेहरे दुरुस्त करत आली होती. सुरुवातीला काचेच्या उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवून, सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन. डोळ्यांखालची सावली निगेटिव्हवर फिकी दिसायची, तिथे शिसं चढवलं की छापलेल्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. मग पेन्सिल गेली, माउस आला, हात तोच राहिला. हाताला सगळं माहीत होतं: कुठून धरायचं, कुठे सोडायचं, पापणीच्या कडेचा ओलावा कसा वाचवायचा. पण त्या हाताखालून काय गेलं? ती डोळे मिटून असिलबेकला आठवू बघू लागली. तर कधी भाजीवाला दिसे, कधी सोहळ्यातला कुणी सरकारी माणूस, कधी नुसते फुगवटे दिसत, चेहऱ्याशिवायचे, गव्हाच्या पिठाच्या ओल्या गोळ्यांसारखे. आपल्याला पुसणं तेवढं आठवतं, पुसलेलं आठवत नाही, हे तिच्या एकतीस वर्षांत कधी ध्यानात आलं नव्हतं. आता आलं आणि पायरी चुकल्यासारखं झालं. ट्रॉलीबसमध्ये चढल्यावर एका पोरीने उठून तिला जागा दिली आणि हळूच विचारलं, "एजे, बऱ्या आहात ना? रडला होतात का?" नाही, ती म्हणाली. रडले नव्हते. माझी सूज आहे ती, संध्याकाळपर्यंत उतरत नाही हल्ली. पण हे पोरीला सांगितलं नाही, नुसतं मनात म्हटलं, आणि मग उरलेल्या रस्त्यात, खरंच रडले नव्हते ना, असं उगाचच स्वतःला विचारत बसली.

घरी भिंतीवर आई होती. आईचं नाव बेगिमाय. तीस वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, ती गेली तेव्हा तिच्या दगडासाठी फोटो अनारकुलनेच तयार केला होता, पेन्सिलीने, अश्रू निगेटिव्हवर पडू नयेत म्हणून मान तिरकी धरून. तो फोटो पाहून सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, किती शांत दिसतेय. आज तिने तो खिळ्यावरून उतरवला, खिडकीशी नेला. शांत दिसत होती हे खरं. डोळ्यांखाली काहीच नव्हतं. सपाट, स्वच्छ, जणू तिथे कधी काही झालंच नाही. आईच्या डोळ्यांखाली सूज असायची हे अनारकुलला शब्दांनी माहीत होतं, जसं आपला जन्म कुठल्या गावी झाला ते माहीत असतं. पण बघायला गेलं तर हाच सपाट चेहरा पुढे यायचा. स्वयंपाकघरात वावरणारी आई, चुलीशी वाकलेली आई, रागावलेली आई, सगळ्यांवर हा दगडावरचा चेहरा बसला होता. फोटो हातात घेऊन ती उभीच राहिली. चहा उकळून सांडला, गॅस विझला, तेव्हा वास आला म्हणून ती हलली.

आई जायच्या आधीच्या त्या हिवाळ्यात वीज सारखी जायची. आई नारीनहून तिच्याकडे राहायला आली होती, बरोबर धाकटी बहीण सालकिन होती, सतरा वर्षांची, शिकायला. रोज सकाळी आई उठली की तिचा चेहरा आधी उठायचा, मग डोळे. हे सालकिनचं म्हणणं. डोळे फटीसारखे आणि खाली दोन भरलेल्या पखाली. "झोप जास्त झाली," आई म्हणायची. किंवा, "वयच आहे, पोरींनो." आणि मीठ घातलेल्या दुधाच्या चहाचा तिसरा वाडगा पुढे करायची. अनारकुल तेव्हा नवीनच कामाला लागली होती, डोळ्यांखालच्या सावल्यांशी नव्यानेच तिची ओळख झाली होती, आणि तिला वाटायचं, कागदावर जमतं ते इथे का जमू नये? रात्री चहाची उरलेली पत्ती फडक्यात बांधून बाल्कनीत ठेवायची, सकाळी ती गार पुरचुंडी आईच्या डोळ्यांवर. त्याने नाही भागलं तर बर्फात खुपसून ठेवलेले चमचे, किसलेला कच्चा बटाटा, उशीखाली आणखी एक उशी. आणि सूज उतरायची! तासाभरात उतरायची. आई आरशात बघून म्हणायची, "हात आहे तुझा." त्या तीन शब्दांवर अनारकुल दिवसभर तरंगायची. दुकानात एकेका चेहऱ्यावर शिसं चढवताना तिला वाटायचं, मी कुणाला तरी खरोखर बरं करतेय. मग आईचे पाय सुजायला लागले, बूट चढेनात. एका शुक्रवारी तिला दवाखान्यात नेलं. जायच्या आधी अनारकुलने मुद्दाम, चार माणसांत जायचं म्हणून, जरा जास्त वेळ चमचे ठेवले.

आणि तिथे डॉक्टरने पाय दाबून बघितले, बोटाचा खड्डा पडला तो बघितला, आणि मान वर न करता विचारलं, सकाळी चेहऱ्यावर सूज असते का, डोळ्यांखाली? कुणीतरी म्हणालं, "नाही." हा "नाही" अनारकुलला तीस वर्षं ऐकू येत होता. बाईचा आवाज, घाईतला, जरा लाजलेला. पण कुणाचा? आई स्टुलावर बसली होती, आपण मागे तिचा कोट धरून उभे होतो, कोटाला धुराचा वास येत होता. घरात तिघींचे आवाज इतके सारखे की फोनवर मावशीसुद्धा फसायची. कधी तिला वाटे, आईच म्हणाली. आईला डॉक्टरपुढे दुखणी सांगायची लाज वाटायची. कधी वाटे, आपणच म्हणालो, आणि म्हणताना आपल्याला अभिमान वाटला होता. शिवाय तो "नाही" खोटा होता असंही म्हणता येत नव्हतं. त्या घडीला, अकरा वाजता, आईच्या डोळ्यांखाली खरंच काही नव्हतं. डॉक्टरने पायावर लावायचं मलम दिलं. मूत्रपिंडं गेली आहेत हे मार्चमध्ये कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नारीनला फोन लावला. सालकिन आता तिथल्या शाळेत स्वयंपाकी होती. मागे भांडी आपटत होती. "सूज?" ती ओरडून म्हणाली. "कसली सूज? एजे, मला शंभर पोरांचं जेवण काढायचंय. आईचे पाय सुजायचे तेवढं आठवतं."

"डोळ्यांखाली गं. तूच म्हणायचीस, आधी चेहरा उठतो, मग डोळे."

"मी? मी असं म्हणेन? आईला?" सालकिनने एक झाकण आपटून ठेवलं. "तू पुन्हा तो फोटो घेऊन बसलीस वाटतं. ठेव बरं खाली. आणि जेव वेळेवर."

म्हणजे ज्या एका माणसाकडे विचारायला जाता आलं असतं, त्याच्याकडेही काही उरलं नव्हतं. की सालकिनला आठवायचं नव्हतं? त्या दिवशी दुकानात अनारकुलने असिलबेकच्या डोळ्यांखाली पहिली सूज बसवली. नीट बसली, उजेड-सावली बरोबर पडली, आणि असिलबेक दारुडा दिसायला लागला. दुसरी बसवली तेव्हा तो रडून आलेला वाटला. तिसऱ्यात आजारी. सूज कशाची आहे हे माहीत असल्याशिवाय ती रेखाटता येत नाही, हे तिला नवीन होतं. पुसताना कधी विचारावं लागलं नव्हतं. "एजे, दोन पिशव्या काढायच्या, सावली मारायची, झालं," तिलेक मागून म्हणाला. "म्हातारीला काय कळतंय?" ती म्हणाली, "तिलाच कळतंय रे. बाकी कुणाला कळणार?" आणि तिने कोट चढवला.

बुरुलचं घर शहर संपतं तिथे होतं, नव्या वस्तीत, विटांच्या अर्धवट भिंतींच्या रांगेत. ती अंगणात लोकर झोडत होती. काठी बाजूला टाकून तिने अनारकुलला आत नेलं, पाव तोडला, लोणी-मुरंबा पुढे सरकवला आणि ताठ बसली. अनारकुलने तिन्ही कागद मांडले. म्हातारीने एकेक उचलून लांब धरला. "हा आमचा शेजारी," पहिल्याकडे बघून ती म्हणाली. "बाटलीतच गेला बिचारा. हा कोण? असा असिलबेक कधी रडला असता तर मी त्याला आणखी चार पोरं दिली असती." तिसरा तिने बोलायच्या आधीच पालथा घातला.

"आपा, मग कशी होती ते सांगा ना. किती मोठी? कशाने यायची?"

"कशाने म्हणजे? बर्फ उपसणारं यंत्र चालवायचा तो, खिंडीवर. सव्वीस हिवाळे. रात्रभर केबिनमध्ये, वारा, बर्फाची चकाकी, वर लोणी घातलेला खारट चहा. तिथे कुणाला नव्हती?" तिने हात पुढे केला. "इकडे बघ." आणि अनारकुलला काही कळायच्या आत म्हातारीचे दोन अंगठे तिच्या डोळ्यांखाली आले, लोकरीचा वास, खरखरीत, हलके. कुणी तिथे हात लावला त्याला किती वर्षं झाली असतील? अनारकुलला मागे सरायचं होतं, पण ती हलली नाही. "तुझी पाण्याची आहे," बुरुल म्हणाली. "त्याची जड होती. डावी जरा खाली, डाव्या कुशीवर झोपायचा. दाखवलंस का कुणाला?"

"काय?"

"हे, तुझं. पाण्याची सूज चांगली नसते."

अनारकुलने वही काढली, जणू काम तेवढंच होतं, आणि विचारलं, "सकाळी जास्त असेल ना? दुपारी उतरत असेल. मग कुठल्या वेळची काढू?"

हे बुरुलच्या मनात कधी आलं नव्हतं. ती खिडकीकडे बघत राहिली, ओठ हलत होते, हिशोब लावल्यासारखे. "सकाळी तो जायच्या गडबडीत असायचा," ती सावकाश म्हणाली. "मी त्याच्याकडे बघायची नाही, मी गाय बघायची. पहाटेचा असिलबेक कसा होता, देव जाणे. मी बघायची ती तो परत आल्यावर. जेवायला बसला की दिव्याखाली." मग एकदम म्हणाली, "संध्याकाळची काढ. उतरलेली. नुसती कातडी राहते ना लोंबती, तशी."

परतताना अनारकुलच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. एका माणसाला किती चेहरे, आणि बायकोने त्यातला दिव्याखालचा एवढाच घेतलेला. मग आपण आईचा कुठल्या वेळचा घेतला? सकाळी सातचा, की चमचे ठेवल्यानंतरचा आठचा? सातचा चेहरा आपण कधी बघितलाच नसेल. बघायचा तो घालवण्यासाठी. काही घालवायच्या तयारीने बघणं हे बघणं असतं का? तिला धड विचार करता येईना. ट्रॉलीबस चौकात थांबली, माणसं चढली, कुणाच्या तरी पिशवीतून कांद्याचा वास आला, आणि तिला आठवलं की आईच्या उजव्या डोळ्याखाली, सुजेच्या अगदी तळाशी, एक आडवी सुरकुती असायची, पिशवीला शिवण असावी तशी. सूज उतरली की ती शिवण तेवढी राहायची. आठवलं की आता रचलं? ती शिवण घट्ट धरून ठेवावी तशी ती बसून राहिली, उतरायचा थांबा गेला तरी.

बुधवारी दुपारी तिने चौथा चेहरा केला. संध्याकाळची, उतरलेली, डावी जराशी खाली. हात आपोआप चालला. कातडी लोंबवून झाल्यावर तळाशी त्याच हाताने एक बारीक आडवी रेघ ओढली आणि मग अनारकुलने हात मागे घेतला. ही रेघ असिलबेकची नव्हती. ही कुणी सांगितली नव्हती. पुसावी का? माउस रेघेवर नेऊन ती बराच वेळ बसली. तिलेक जेवून आला, वाकून बघितलं आणि आपल्या संगणकाकडे गेला. तेवढ्यात दार वाजलं. म्हातारी ठरल्यापेक्षा तासभर आधी आली होती, दगडवाल्याकडे जायचं म्हणून चांगला कोट घालून. मग पुसायला वेळच राहिला नाही. की राहिला होता?

छापलेला कागद अनारकुलने काउंटरवर ठेवला. बुरुलने तो उचलला नाही. दोन्ही हात काउंटरला टेकवून ती खाली बघत राहिली. दुकानात यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता. मग म्हातारीची मान हलली आणि ती बोलायला लागली, अनारकुलशी नव्हे.

"फाटक उघडं टाकून गेलास," ती म्हणाली. "माणूस जाताना फाटक लावून जातो. दोन मेंढ्या गेल्या. दोन! सगळी वस्ती हिंडले मी, पायात तुझे बूट घालून. पोराला फोन केला तर तो म्हणतो, आई, मेंढ्यांचं काय घेऊन बसलीस. आणि तुझा भाऊ, तुझा तो लाडका भाऊ, तो अजून कुऱ्हाड परत देत नाही. तुला विचारतेय मी. त्याला कुऱ्हाड कुणी दिली?" आवाज चढला. तिलेक उठून उभा राहिला, अनारकुलने त्याला हाताने खाली बसवलं. बुरुल भांडत राहिली, कुऱ्हाडीवरून छपरावर, छपरावरून कुठल्याशा जुन्या लग्नातल्या मानपानावर, आणि मधेच थांबून रुमालाने नाक पुसून अगदी सरळ आवाजात म्हणाली, "हाच." कागद छातीशी धरून ती दगडवाल्याकडे निघून गेली. उपकार वगैरे काही म्हणाली नाही. अनारकुललाही ते सुचलं नसतं. हाच म्हणजे कोण, एवढंच तिच्या डोक्यात होतं. माझ्या आईच्या डोळ्यांखालचं त्या बाईने आपल्या नवऱ्याचं म्हणून नेलं, की त्याचंच होतं आणि मी आईचं समजले?

पाचच्या सुमाराला, दुकान आवरत असताना, सालकिनचा फोन आला. मागे भांडी नव्हती. शाळा सुटली असावी. "एजे," ती म्हणाली, "तू त्या दिवशी विचारलंस ना. मला तेव्हा सांगता आलं नाही, पोरं होती. डॉक्टरला 'नाही' मी म्हणाले."

अनारकुल टेबलाच्या कडेला टेकली. "तू नव्हतीस तिथे."

"होते. दाराशी उभी होते. त्याने सुजेचं विचारलं आणि मला वाटलं, तू एवढे कष्ट घेतेस रोज, आता आई हो म्हणाली तर तुला वाईट वाटेल. म्हणून मी म्हणाले. मला काय माहीत गं तो का विचारतोय ते. सतरा वर्षांची होते. कुणाला सांगितलं नाही आजपर्यंत."

"परवा तर तुला सूजच आठवत नव्हती."

"खोटं बोलले."

"मग आता खरं कशावरून?" अनारकुलचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. हायसं वाटायला हवं होतं. तीस वर्षांचं ओझं कुणीतरी आपणहून खांद्यावर घेत होतं, आणि तिला वाटत होतं की आपल्या घरातून कुणी काहीतरी उचलून नेतंय. सालकिन लहानपणापासून अशीच. वाडगा फुटला की फोडणारी कुणीही असो, मी फोडला म्हणून पुढे व्हायची. "तू बाहेर रांगेत होतीस, सालकिन. नंबर जाईल म्हणून तुला बाहेर बसवलं होतं. मी बसवलं होतं. आईची टोपी तुझ्या मांडीवर होती."

"दाराशी होते मी, एजे."

"नव्हतीस."

"होते गं."

"नव्हतीस म्हणतेय ना! मी होते. मी तिचा कोट धरून उभी होते."

पलीकडून सालकिन लहान पोराची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "बरं. नव्हते. तूच होतीस."

अनारकुलने "हं" म्हटलं. तिने जे मागितलं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते खरं म्हणून मिळालं की लाड म्हणून, हे आता कधीच कळणार नव्हतं. बाहेर बाजारातले गाळे बंद होत होते, पत्र्याची दारं एकामागून एक खाली येत होती.

"एजे? आहेस ना?" सालकिनने विचारलं. "आईची टोपी कुठली होती गं? ती तपकिरी की कोकराच्या कातड्याची?"

"कोकराची," अनारकुल म्हणाली. आणि मग, खात्री नसताना, "थांब. आठवू दे."